पडद्यांभोवती जमलेली गर्दी

२० जानेवारी २००९. बराक ओबामांचा शपथविधी वृत्तवाहिन्या कसा दाखवतात, याचा अभ्यास आमच्या विद्यापीठातल्या माध्यम विभागाने हाती घेतला होता. निम्म्या मंडळींनी खोलीत बसून वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण साठवायचं, उरलेल्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या लांबलचक मैदानावर जाऊन दिसेल-ऐकू येईल ते टिपायचं. माझ्या वाट्याला मॉल आला. वॉशिंग्टन स्मारकाजवळ, बिनतिकिटाच्या गर्दीत मी उभा होतो.

आषाढीला गाभाऱ्यापर्यंत पोचू न शकलेले वारकरी कळसाचं दर्शन घेतात, तसा तिथून आम्हाला शपथविधी जिथे होता त्या कॅपिटॉलचा, म्हणजे अमेरिकी संसद भवनाचा, नुसता घुमट दिसत होता. ओबामा दिसले ते मॉलवर उभारलेल्या प्रचंड पडद्यांवर. उणे दोन अंश थंडीत पहाटेपासून ताटकळलेली माणसंही अखेर टीव्हीच बघत होती! त्या सकाळचं उपग्रहाने टिपलेलं छायाचित्र पुढे खूप गाजलं. त्यात गर्दी सलग नाही. पडद्यांपुढे दाट पुंजके आणि मध्ये मोकळी जागा. गर्दीचा आकडा अठरा लाख सांगितला गेला. त्याच छायाचित्रावरून एका अभ्यासकाने काढलेला अंदाज आठ लाखांच्या आसपास होता.

मावळते राष्ट्राध्यक्ष बुश पडद्यावर आले आणि आमच्याभोवती हुर्यो सुरू झाली. मागून पुढे, पुढून मागे सरकणारा मोठा आवाज. माझ्या शेजारी एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. पोरगा ओरडायला लागला तसा त्यांनी हातमोजा घातलेला हात त्याच्या तोंडावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘आज नाही.’’ त्या हाताच्या मागे कितीतरी वर्षांचं वाट पाहणं होतं, असं मला वाटलं.

नंतर आमची चित्रणं लावून बसलो तेव्हा मी आधी हीच जागा शोधली. हुर्यो होती, पण पुसट. माइक व्यासपीठापाशी आणि त्यावर निवेदकाचं बोलणं. कुणी मुद्दाम आवाज दाबला, असं मी म्हणणार नाही. पण घरी बसलेल्या प्रेक्षकाला त्या मैदानात राग आणि आनंद शेजारी-शेजारी उभे होते, हे कळायला मार्गच नव्हता. आजींचा तो हात तर कुठल्याच कॅमेऱ्यापुढे नव्हता.

शपथेचं उलट झालं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्याकडून शब्दांचा क्रम चुकला, ओबामा क्षणभर थबकले. आमच्या बाजूला ते कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. हातमोज्यांतल्या टाळ्यांचा धपधप आवाज, रडणारी माणसं, फडकणारे झेंडे. वाहिन्यांनी मात्र ती अडखळण पुन्हा पुन्हा दाखवली. खरं तर विसाव्या घटनादुरुस्तीनुसार बाराच्या ठोक्याला ओबामांचा कार्यकाळ सुरू झालेलाच होता, शपथ त्यानंतर झाली. तरीही शंका नको म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये ती पुन्हा घेतली गेली, आणि तिथे एकही टीव्ही कॅमेरा नव्हता. व्यासपीठावर व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन, चेलोवादक यो-यो मा आणि त्यांचे दोन साथीदार वाजवत होते, तेव्हा आमच्या कानी पडलं ते संगीतही दोन दिवस आधी ध्वनिमुद्रित केलेलं होतं. एवढ्या थंडीत वाद्यं सुरात राहिली नसती.

मला सर्वांत जास्त टोचलं ते बोगद्याचं. जांभळी तिकिटं, म्हणजे कॅपिटॉलजवळच्या राखीव जागेची तिकिटं, मिळालेली हजारो माणसं थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात तासन्‌तास रांगेत अडकली आणि त्यांचा सोहळा हुकला. आमच्याकडे साठवलेल्या थेट प्रक्षेपणात शपथेच्या वेळी त्यांचा मागमूसही नाही. कॅमेरे जिथे मांडले होते तिथलं सगळं सुरेख दिसलं, बोगद्यात कुणी कॅमेरा मांडलेलाच नव्हता.

आमच्या नोंदींच्या तक्त्यात निवेदन, चेहरे, आवाज असे रकाने होते. जे दाखवलंच नाही त्याला रकाना नव्हता. बैठकीत मी तो मागितला. तक्त्यात न दिसलेल्या गोष्टी कशा मोजणार, असा प्रश्न आला. मी म्हणालो, मोजू नका, निदान त्या माणसांना विचारा. प्राध्यापकबाईंना ते पटलं, आणि आम्ही जांभळी तिकिटं मिळालेल्या लोकांचा शोध घ्यायला लागलो.