प्रकाशक नाही, मुद्रक नाही, कवीचं नाव मात्र आहे

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पूर्व युरोपातल्या पुस्तकांच्या नोंदी करते. परवा देणगीत आलेली पोलिश पुस्तकांची खोकी उघडली. सगळ्यात वर स्तानिस्वाव बारान्चाक यांचा 1972चा ‘जेन्निक पोरान्नी’ हा कवितासंग्रह. शेवटच्या पानावर कम्युनिस्ट पोलंडमधला सगळा सरकारी जामानिमा: प्रती किती, कागद कुठला, छापखाना कोणता आणि सेन्सॉर कचेरीचा सांकेतिक क्रमांक.

त्याखाली त्यांचंच ‘कृत्रिम श्वसन’. 1974 साली लिहिलेली दीर्घ रचना. सेन्सॉरला चुकवून हातोहात फिरवलेली टंकलिखित प्रत, पातळ कागद, टाचण्या गंजलेल्या. प्रकाशक नाही, गाव नाही, साल नाही. माझ्या नोंदीतले रकाने एकामागून एक रिकामेच राहिले. कवीचं नाव मात्र पूर्ण. रचनेचा नायक नुसता ‘एन. एन.’, म्हणजे कुणीही सामान्य माणूस; कवीनं स्वतः तसा आडोसा घेतला नव्हता.

हे नाव लिहिण्याची किंमत मला ठाऊक होती. पोलंडच्या पोझनान विद्यापीठात शिकवणारा हा कवी समीक्षकही होता; तो सत्तेची पोकळ भाषा शब्दाशब्दानं उलगडून दाखवायचा. कवितेनं अविश्वास शिकवावा, असं तो म्हणे. 1975च्या अखेरीस घटनादुरुस्तीविरुद्धच्या पत्रावर त्यानं सही केली आणि अधिकृत प्रकाशनांची दारं त्याला बंद झाली. पुढच्या सप्टेंबरात रादोम आणि उर्सुस इथल्या संपकरी कामगारांसाठी स्थापन झालेल्या समितीच्या पहिल्या 14 सह्यांत तो होता. 1977मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली. हार्वर्डनं बोलावलं, तरी पासपोर्ट मिळायला 1981 उजाडलं. माझ्या लेखी त्याची समीक्षा आणि त्याची सही ही एकच कृती आहे.

दुपारी देणगीदार बाई कागदपत्रांवर सही करायला आल्या. वय ऐंशीच्या पुढे. ती चळत पाहताच म्हणाल्या, “हे मी टाइप केलंय.”

कार्बन घालून एका वेळी जमतील तेवढे कागद त्या चढवत. यंत्राखाली घडी केलेली घोंगडी, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. ही तळातली प्रत असावी. अक्षरं इतकी पुसट की ‘ई’ आणि ‘सी’ ओळखू येत नव्हते. पण पानभर कुणीतरी बारीक पेन्सिलनं ती गिरवून काढली होती.

“ज्याला शेवटची प्रत मिळे, तो गिरवायचा आणि पुढे द्यायचा,” त्या म्हणाल्या. अक्षर कुणाचं, हे त्यांनाही सांगता येईना. एका ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं होतं.

टंकलेखक म्हणून तुमचं नाव नोंदीत घालू का, असं मी विचारलं. “घाला की! तेव्हा घालता येत नव्हतं.” मग एकेक अक्षर सांगून त्यांनी ते मला लिहायला लावलं, चष्मा पुसून पडद्यावर दोनदा तपासलं.