निळा ठिपका

जुलैत विक्रोळीला, कन्नमवार नगरातल्या आमच्या इमारतीच्या मीटरपेटीखाली तीन पिल्लं सापडली. धो धो पाऊस, आईचा पत्ता नाही. दोन दिवस वाट पाहिली आणि टॉवेलात गुंडाळून वर आणली. नावं मिसळणाच्या डब्यातून काढली: ओवा, जिरं आणि सगळ्यात बारकी, काळी मोहरी. महिनाभर सांभाळायची, बरी घरं बघून द्यायची, एवढाच बेत. याआधी पाच-सहा पिल्लं अशी दिली होती, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता.

चूक पहिल्याच रात्री केली. आजाराची टेस्ट न करता पिल्लं हॉलमध्ये ठेवली. सकाळी उठून बघते तर आमचा बंड्या, चार वर्षांचा बोका, मोहरीला पंजाखाली धरून तिचं डोकं चाटतोय. मी काय करावं? फोटो काढून स्टेटसला ठेवला.

तिसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे नेली. किटवर रक्ताचे दोन-तीन थेंब, दहा मिनिटं थांबायचं. एका किटचे १,८०० रुपये, अशी तीन. तिन्हीवर निळा ठिपका उमटला. डॉक्टर म्हणाले, "फेलाइन ल्युकेमिया. घरात दुसरं मांजर आहे ना? मग यांना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलेलं बरं." हे त्यांनी हात धुता धुता सांगितलं. पिशवीत जिरं माझ्या ओढणीचा गोंडा चावत होतं. उद्या येते म्हणाले आणि पुन्हा गेले नाही.

दुसरे डॉक्टर परळच्या बाजूला भेटले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि वीस मिनिटं बोलले. नावात ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर असला, तरी हा कॅन्सर नव्हे, मांजरांचा व्हायरस आहे. १९६४ साली ग्लासगोत लिम्फोमा झालेल्या मांजरांत तो पहिल्यांदा दिसला, म्हणून कॅन्सरचं नाव चिकटलं. कॅन्सर होतो, पण सगळ्यांना नाही. रक्त कमी होणं, प्रतिकारशक्ती ढासळणं हे जास्त. पसरतो मुख्यतः लाळेतून: चाटणं, एका वाटीत खाणं, चावणं. आईकडून पोटातच किंवा दुधातूनही येतो. माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही. आणि मुख्य म्हणजे पहिल्या पॉझिटिव्हवर निकाल लावायचा नाही. काही मांजरांचं शरीर व्हायरसला दाबून टाकतं. मग किट शोधतं ते त्याचं प्रथिन रक्तात सापडत नाही. म्हणून किमान महिन्याने पुन्हा टेस्ट.

"आणि बंड्या?" मी विचारलं.

"त्याला वर्षाला देता ती तीन रोगांची लस यावर चालत नाही. मोठी मांजरं बऱ्यापैकी तग धरतात, पण खात्री नाही. त्याचीही दोनदा टेस्ट करू."

मग सुरू झाला तो महिना. वन बीएचकेत विलगीकरण म्हणजे काय ते करून बघावं. ग्रिल लावून बंद केलेली बाल्कनी पिल्लांना दिली, वाळत घातलेले कपडे हॉलमध्ये आले. ऐन पावसाळ्यात. खिळ्याला एक जुना गाऊन टांगला, दाराशी वेगळ्या चपला ठेवल्या. आधी बंड्याचं खाणं-पिणं, मग पिल्लांचं, उलट कधीच नाही. सासूबाईंनी पिल्लांच्या वाट्यांना लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. "अगं, आमच्या चाळीत टीबीवाल्याची भांडी अशीच वेगळी असायची," म्हणाल्या. या भीतीला तसा आधार कमी होता, कारण हा व्हायरस बाहेर कोरड्या जागी फार तर काही तास टिकतो आणि साबणाच्या पाण्याने मरतो. पण ठिपक्यांमुळे घोळ झाला नाही हेही खरं. त्यांचा आक्षेप एकाच गोष्टीला होता: रव्याच्या लाडवांची साखर ज्या काट्यावर मोजायची, त्यावर मी मांजरं मोजत होते.

रोज सकाळी सात वाजता वजन. ओवा ४८०, ४९२, ५०५. जिरं त्याच्या मागोमाग. मोहरी ३९५, ३९८, ३९८, ३९१. तो ३९१ लिहिताना पेन थांबलं. तिचा ओठ वर करून पाहिला तर हिरडी फिकट, ओल्या कागदासारखी. व्हायरसच, दुसरं काय! डॉक्टरांनी कंगवा फिरवला आणि पिसवांची काळी घाण टिपकागदावर झटकून दाखवली. ओला केल्यावर कागद लाल झाला. एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवाही संपवू शकतात. औषध केलं आणि नवव्या दिवशी काटा ४३० वर गेला.

बंड्या दाराबाहेर बसून राहायचा. फटीतून पंजा घालायचा, आतून तीन पंजे यायचे. मी फटीला पायपुसणं लावलं आणि दिवसभर स्वतःवरच चिडचिड केली.

पाच आठवड्यांनी पुन्हा टेस्ट. ओवा निगेटिव्ह. जिरं निगेटिव्ह. मोहरीच्या किटवर ठिपका आला, पहिल्यापेक्षा गडदच वाटला. बंड्याची पहिली टेस्ट स्वच्छ होती, आताचीही. ओवा-जिऱ्याचं रक्त पीसीआरलाही, म्हणजे व्हायरसची जनुकं शोधणाऱ्या टेस्टला पाठवलं, कारण दबलेला व्हायरस हाडांच्या मगजात लपून राहू शकतो. तोही रिपोर्ट निगेटिव्ह आला. दोघं जोडीने पार्ल्याला गेली.

मोहरीच्या जाहिरातीत मी एक लबाडी केली. फोटो, खोड्या, वजन सगळं वर आणि आजाराची ओळ अगदी खाली. अकरा जणांचे फोन आले आणि अकराही जण त्या ओळीशी पोचल्यावर गळाले. एक बाई तर रागावल्या, "लहान मुलगा आहे आमच्या घरी, ब्लड कॅन्सरचं मांजर देताय?" मुलाला काही होणार नव्हतं, पण राग बरोबर होता. मग पहिलीच ओळ केली: 'ल्युकेमिया व्हायरस पॉझिटिव्ह. घरातच ठेवायची. घरात निरोगी मांजर नको. किती वर्षं जगेल, सांगता येत नाही.' तीन आठवडे एकही फोन नाही.

मग मुलुंडहून एक गृहस्थ बोलले. त्यांचा सहा वर्षांचा बोका, रावसाहेब, दोन वर्षांपासून पॉझिटिव्ह. एकटा पडलाय म्हणाले. डॉक्टरांना विचारलं; दोघं पॉझिटिव्ह, लसी, नसबंदी, नियमित तपासण्या होणार असतील तर हरकत नाही म्हणाले.

रिक्षाने गेले. पिशवीत मोहरी, वजनांची वही आणि लाल ठिपक्याची वाटी. नवं जनावर हळूहळू ओळखी करून द्यावं हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं; वेगळी खोली तयार ठेवली होती. सहा दिवसांनी त्यांनी व्हिडिओ पाठवला. सोफ्यावर रावसाहेब, त्याच्या पंजाखाली मोहरी. तो तिचं डोकं चाटत होता, कानापासून मानेपर्यंत, सावकाश. मी सवयीने ओरडले, "अरे, बाजूला घ्या तिला!" आणि हॉलमध्ये झोपलेला बंड्या दचकून उठला.