स्वित्झर्लंड, १९७१
आज वर्गात स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय घेतला. न्यूझीलंड, १८९३ इथपर्यंत पोरं निवांत होती. स्वित्झर्लंड, १९७१ म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, छापताना चुकलं असेल!" नाही बाबा. १९५९ मध्ये तर तिथल्या पुरुषांनी रीतसर मतदान करून नकार दिला होता.

"म्हणजे बायकांना हक्क द्यायचा की नाही, हे फक्त पुरुषांनी ठरवलं?" एका मुलीने विचारलं. पाठ्यपुस्तकांना सनावळ्या प्रिय. हिने मात्र नेमकं दुखणं पकडलं. पुढचा अर्धा तास तिच्याच प्रश्नावर गेला, आणि बरंच झालं.

शेवटी घाईघाईत मेरी क्युरी. १९०३ चं नोबेल मिळालेलं, तरी १९११ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने सदस्यत्व नाकारलं. त्याच वर्षी दुसरं नोबेल! वर्ग खदखदून हसला. उद्या मालमत्तेचा हक्क.