आप्पांची भोवरी आणि मेणाचा ठोकळा

आप्पांच्या डाव्या टाचेला भोवरी झालीय, असंच आम्ही वर्षभर धरून चाललो होतो. चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. बागेत पाणी भरायला आप्पा कायम अनवाणी. विचारलं की म्हणायचे, "काटा रुतेल शे, निंघी जाई." शेवटी एका डॉक्टरांनी ती कापून काढली आणि तुकडा तपासणीला न पाठवता फेकून दिला. चार महिन्यांत त्याच जागी लालसर, ओली गाठ उभी राहिली. त्या फेकलेल्या तुकड्याची हळहळ मला अजून वाटते.

जळगावला बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पेशी कॅन्सरच्या आहेत, पण कोणत्या प्रकारच्या ते ठरत नाही, आयएचसी, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून प्रकार ओळखायची तपासणी, करून घ्या. मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं तो काळाच असतो. पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, कधीकधी त्यात रंगच नसतो, मग तो साध्या जखमेसारखा दिसतो. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनोमा मुळात कमी, पण झाला तर बहुतेक वेळा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली. तळपायाच्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नसतो.

आयएचसीसाठी बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला ठोकळा मुंबईला न्यायचा होता. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेलं पांढरं मेण, मध्ये नखाएवढा पिवळट तुकडा, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. मे महिना, जळगावचं ऊन, त्यात मेण. मॅडमनी बजावलं होतं, तापलेल्या गाडीत ठेवू नका. मी तो रिकाम्या स्टीलच्या डब्यात रुमालात गुंडाळला आणि रात्रीच्या गाडीत दादरपर्यंत मांडीवरच धरून बसलो.

मुंबईच्या डॉक्टरांनी मला मायक्रोस्कोपमधून स्लाइड दाखवली, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉनचे पातळ काप घेतात आणि प्रत्येक कापावर वेगळं अँटिबॉडीचं द्रावण टाकतात. ती अँटिबॉडी ज्या प्रथिनाला चिकटते ते पेशीत असेल तर रंग चढतो. सायटोकेरॅटिन निगेटिव्ह आलं, म्हणून कातडीचा नेहमीचा कॅन्सर मागे पडला. एलसीए निगेटिव्ह, म्हणजे लिम्फोमा, लसिकापेशींचा कॅन्सर, तोही नाही. एस-१०० पॉझिटिव्ह होतं, पण ते मज्जातंतूंच्या आणि चरबीच्या पेशींतही असतं, त्यामुळे एकट्यावर विसंबता येत नाही. सॉक्स-१० ने मात्र पेशींची केंद्रकं गडद तपकिरी रंगली होती. मेलान-एही पॉझिटिव्ह. दोन्ही मेलॅनोमाकडे बोट दाखवणारे. एचएमबी-४५ जेमतेम तुरळक. मी घाबरून विचारलं, हे कमी आलं म्हणजे निदान चुकलं का? ते म्हणाले, "नाही. ते आलं तर भरवसा वाढतो, पण नाही आलं म्हणून मेलॅनोमा नाही असं होत नाही. सगळे मिळून वाचायचे, आणि साध्या स्लाइडवरच्या पेशींशी ताडून पाहायचे."

रिपोर्टवर शेवटी मेलॅनोमा लिहिलं. ऑपरेशनमध्ये टाचेचा भाग रुंद काढला आणि कॅन्सर पसरलाय का ते पाहायला जांघेतली एक लसिकाग्रंथी तपासली. त्यानंतर टाचेतली गाठ किती मिलिमीटर खोल होती, तो ब्रेस्लो आकडा आला आणि पुढचं बोलणं त्यावरच सुरू झालं.

घरात कुणाचीही गाठ, भोवरी, मस काढली तर तुकडा फॉर्मेलिनमध्ये मागून घ्या आणि पॅथॉलॉजीला पाठवा. ठोकळा परत मिळतो, तोही मागून घ्या. आमचा पुन्हा लागला. बीरॅफ आणि किट या जनुकांत बदल झालाय का ते तपासायला त्यातूनच काप काढले. बीरॅफचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. किटचा मंगळवारी येईल, आप्पा रोज विचारतात.