काकांच्या दोन वह्या आणि पहिले पाच क्रमांक

नव्वदच्या दशकात महाद्वार रोडलगतच्या एका बोळात माझ्या काकांचे कॅसेटचे दुकान होते. गिऱ्हाइके गाण्यांची चिठ्ठी आणून देत आणि दोन दिवसांनी कॅसेट भरून नेत. चिठ्ठीतल्या प्रत्येक गाण्यापुढे काका एका लांबट वहीत एक रेघ ओढत. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. कंपनीची तयार कॅसेट विकली गेली, तर तिची नोंद लाल पुठ्ठ्याच्या वेगळ्या वहीत होई. ‘‘अख्खी कॅसेट नेणाऱ्याला त्यातलं नेमकं कुठलं गाणं पाहिजे होतं, हे आपल्याला कुठं कळतंय?’’ असे ते म्हणत. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकत ते वाढले होते. गाणे कितव्या पायदानावर आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी फार मोलाचा होता.

एकाच कलाकाराची अनेक गाणी एकाच वेळी लोकप्रिय गाण्यांच्या यादीच्या शिखरावर असल्याची बातमी वाचली की मला या दोन वह्या आठवतात. 4 एप्रिल 1964 च्या आठवड्यात अमेरिकेतील ‘बिलबोर्ड हॉट 100’ यादीचे पहिले पाचही क्रमांक बीटल्स या ब्रिटिश बँडकडे होते आणि ‘कान्ट बाय मी लव्ह’ हे गाणे सत्ताविसाव्या स्थानावरून थेट पहिल्यावर आले होते. या विक्रमामागे एक योगायोगही होता. कॅपिटल या मोठ्या कंपनीने सुरुवातीला बीटल्सची गाणी नाकारली, म्हणून 1963 मध्ये ती व्ही-जे आणि स्वान अशा लहान कंपन्यांकडे गेली आणि तेथे जवळजवळ पडून राहिली. फेब्रुवारी 1964 मध्ये एड सुलिव्हानच्या दूरदर्शन कार्यक्रमात बीटल्स सुमारे सात कोटी लोकांनी पाहिले, आणि मग ज्याच्या हाती जी तबकडी होती, ती त्याने बाजारात रेटली. त्यामुळे जुनी आणि नवी गाणी एकाच आठवड्यात एकमेकांसमोर उभी ठाकली. तरीही त्या काळी दुकानात जाऊन गाण्याचे नाव सांगून एकेक तबकडी विकत घ्यावी लागे. ती यादी रेडिओवर गाणे किती वाजते हेही मोजत असे, हे खरे. परंतु तिच्यातली प्रत्येक रेघ एका गाण्याच्या नावावर होती.

आज इंटरनेटवर गाणे ऐकले, तरी तेही यादीसाठी मोजले जाते. म्हणूनच 5 नोव्हेंबर 2022 च्या यादीत पहिले दहाच्या दहा क्रमांक गायिका टेलर स्विफ्टने पटकावले आणि मे 2024 मध्ये तिची गाणी पहिल्यापासून चौदाव्या क्रमांकापर्यंत सलग होती. नवा अल्बम आला की चाहते तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकतात. हे प्रेम मला मनापासून मोठे वाटते, मात्र त्याची जागा लाल वहीत आहे.

ब्रिटनला हाच पेच 2017 मध्ये पडला. मार्चमध्ये गायक एड शीरनची सोळा गाणी पहिल्या वीसांत होती, आणि जुलैपासून तेथील यादीने एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी घेण्याचा नियम केला. नव्या गायकांना जागा मिळावी, हा हेतू चांगला आहे, पण मला तो नियम पटत नाही. लोकांनी ऐकलेले गाणे ऐकलेच नाही असे कसे म्हणायचे? ओढलेली रेघ काकांनी कधी खोडली नाही. वही वेगळी करणे हाच मला त्यावरचा योग्य उपाय वाटतो.

लांबट वही आता माझ्याकडे आहे. तिच्यातल्या एका पानावर एकाच चित्रपटाची सात गाणी एकाखाली एक लिहिलेली आहेत. त्यांतल्या तिघांपुढे रेघा समासापर्यंत गेल्या आहेत, दोघांपुढे मोजून चार-चार आहेत आणि उरलेल्या दोन ओळींपुढचा कागद कोरा आहे. लाल वहीत मात्र त्या चित्रपटाच्या नावापुढे सातही गाण्यांची मिळून एकच रांग आहे.