उशी दिसता कामा नये

तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ बंद पडला की कॅमेरा घरचे शोकेसमध्ये ठेवतात, काचेच्या निगेटिव्ह आमच्यासारख्या संग्रहाकडे येतात आणि स्टुडिओला आलेली, तारेला टोचून ठेवलेली पोस्टकार्डं रद्दीत जातात. या वेळी कार्डंही आली, कारण काचा हलू नयेत म्हणून ती खोक्यांत भर म्हणून कोंबली होती. त्यातली सगळ्यात जुनी टपालतिकिटं जमवणाऱ्या कुणीतरी आधीच उचललेली. या मंडळींना मजकुराशी काही देणंघेणं नसतं. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याला सुरू झालं, आणि पाव आण्याचं कार्ड दिसलं की ते तारेतून ओरबाडून काढतात. भोक फाटतं आणि क्रमही जातो.

क्रम म्हणजे आमचा जीव. कार्ड आलं, काम झालं, की तारेत टोचलं. तळाशी जुनं, वर नवं. म्हणून मी तार कधीच आधी रिकामी करत नाही. वरून एकेका कार्डाच्या कडेला मऊ पेन्सिलीने नंबर घालत खाली जायचं आणि मगच सोडवायचं. शिक्का पुसट असला तर छापील तिकीट बघायचं. आणे असतील तर कार्ड छापलंय १९५७ च्या आधी. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. पिनकोडचे चौकोन असतील तर १९७२ नंतरचं. पण हे छपाईचं साल, लिहिण्याचं नव्हे. घरात पडून राहिलेलं आण्याचं कार्ड जादा तिकीट चिकटवून नंतरही टाकत. अशा वेळी तारेतले वरचे-खालचे शेजारीच साक्षीला येतात. आणखी एक, कार्ड ओल्या बोळ्याने पुसायचं नाही. निम्मी गिऱ्हाइकं त्या पेन्सिलीने लिहीत जी ओल लागली की जांभळी होऊन पसरते. हे नव्या मुलांना सांगून सांगून घसा बसलाय.

मजकूर बहुतेक रोकडा. मुंबईच्या घाऊक दुकानदाराचं छापील कार्ड: मागितलेला हार्ड ब्रोमाइड कागद (फोटो छापायचा, जास्त उठाव देणारा) शिल्लक नाही, नॉर्मल पाठवत आहोत. आयातीवर निर्बंध होते, जो मिळेल तो कागद घ्यायचा. पुढे दोन-चार कार्डं सोडून गिऱ्हाइकाची तक्रार, फोटो फिका आला. एक लग्नातला ग्रुप, त्यातून आईचं एकटीचं तोंड मोठं करून हवंय, कारण तिचा वेगळा फोटोच कधी काढला नाही. अशी मागणी इतक्यांदा येते की त्या काळच्या घरांबद्दल वेगळं काही वाचायची गरज उरत नाही. आणि आमच्याकडे आहे ती फक्त आलेली बाजू. स्टुडिओने पाठवलेली उत्तरं गावोगावच्या घरांत गेली आणि तिथेच संपली.

त्या दिवशी ‘नये पैसे’च्या थरात एक कार्ड निघालं. कोपऱ्यात स्टुडिओवाल्याने लाल पेन्सिलीने निगेटिव्हचा नंबर टाकलेला. मजकूर असा: ‘सप्रेम नमस्कार वि. वि. कै. सौ. चा फोटो मोठा करताना डोळे उघडे करून मिळावेत. मागची उशी दिसता कामा नये. कुंकू ठळक असावे. कळावे.’

त्या नंबरची काच मी आधीच साफ करून ठेवली होती. क्वार्टर प्लेट. तिच्यावर रिटचिंग, म्हणजे हाताने केलेली दुरुस्ती, आहे एवढीच नोंद मी केलेली. आता ती पुन्हा लाइटबॉक्सवर ठेवून भिंगाखाली बघितली. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल चालवाल तिथे फोटोत उजळ येतं आणि जिथे इमल्शन, म्हणजे काचेवरचा चित्राचा थर, खरवडाल तिथे काळं. बाईंच्या मिटलेल्या पापण्यांवर पेन्सिलीच्या अगदी बारीक रेघांनी डोळ्यांचं पांढरं भरलं होतं आणि मधोमध सुरीच्या टोकाने बुबुळाचे दोन ठिपके काच दिसेपर्यंत खरवडले होते. प्रत्येक ठिपक्यात कडेला इमल्शनचा एक कण न खरवडता ठेवलेला, डोळ्यातली चमक म्हणून. सगळं चार इंची काचेवर. डोक्याभोवती लाल रंगाचा जाड लेप, तेवढा भाग फोटोत कोरा पांढरा यावा म्हणून. उशी गेली ती तिथे. कुंकवाला मात्र हात लावलेला नाही. तेव्हाच्या बऱ्याच प्लेटींना लाल रंग दिसतच नसे, कुंकू आपोआप काळंभोर येई. असा हात असलेला माणूस आयुष्यभर आयडेंटिटी साइजचे फोटो काढत बसला, आणि आमच्याकडच्या दोन विद्वानांना तो ‘स्थानिक व्यावसायिक छायाचित्रकार, सामान्य दर्जा’ वाटतो.

तारेत थोडं वर त्याच अक्षरातलं दुसरं कार्ड होतं. ‘फोटो पोचला. डावा डोळा किंचित मोठा झाला आहे तो सुधारावा. बाकी रक्कम त्यानंतर. व्हीपी करू नये, बाजारच्या दिवशी येऊन नेईन.’ व्हीपी म्हणजे पोस्टात पैसे भरून सोडवायचं पार्सल. बायको गेलेल्या माणसाचं पत्र म्हणून मी ते वाचत होते आणि त्याने पैसे अडवून धरले होते. त्यात वावगं काही नाही. मीही अडवले असते.

हे सगळं मी नोंदवहीत घालून मोकळी झाले असते. पण त्या बाईंची नात महिनाभर आधीच येऊन गेली होती. घरातली तसबीर वाळवीने खाल्ली, मूळ काच तुमच्याकडे असेल तर प्रत द्या. अर्ज भरला, पैसे भरले, प्रत नेली. काउंटरवर मीच होते. प्रत बघून ती म्हणाली, ‘बाबा म्हणायचे, आजीची नजर फार करडी. खोड्या केल्या की तसबिरीकडे बघायची भीती वाटायची.’ आई गेली तेव्हा बाबा दोन वर्षांचे होते, हेही तिनेच सांगितलं.

आता कार्ड आणि काच एकमेकांना जोडून नोंद ऑनलाइन चढायची आहे. आमचे साहेब म्हणतात, नोंद ती नोंद, त्यात भावना कसल्या. सहकारी म्हणते, हे घरगुती पत्र आहे, झाकून ठेवा. पण ते बंद पाकीट नव्हतं. पोस्टमनपासून स्टुडिओतल्या पोऱ्यापर्यंत सगळे वाचणार हे माहीत असून त्या माणसाने ते कार्डावर लिहिलं, आणि एवढं करून तसबिरीत कुणाला काही कळू नये म्हणून पैसेही मोजले. दोन्ही त्याचंच म्हणणं. मी कुठलं मानायचं?

तूर्त ती जोडणी मी अडवून ठेवली आहे. आधी नातीला फोन करून विचारावं असं मला वाटतं, पण विचारायचं कसं, की विचारण्यातच सगळं सांगून होणार नाही? प्रतीच्या अर्जात ‘संबंधित पत्रव्यवहार असल्यास पाहायचा आहे का’ असा रकाना असता तर तिनेच हो किंवा नाही लिहिलं असतं. तो घालावा म्हणून मी टिपण दिलंय. त्यावर शेरा आलाय, आधी छापलेले अर्ज संपू द्या.