आमची वाटचाल : खरिपाच्या तोडणीच्या वहीतून

आमचं शेत पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पूर्वेला. तीन एकर जमीन, त्यातले साठ गुंठे तरकारीला, बाकी सीताफळ आणि जनावरांचा चारा. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, म्हणजे तो समितीबाहेर थेट विकता येऊ लागला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये थेट घरपोच भाजी द्यायला लागलो. तोवर सासरे माल मार्केट यार्डात धाडायचे आणि अडत्याच्या हिशेबपट्टीवर येईल तो भाव घ्यायचे. पहिली काही वर्षं गाडीत घरं कमी आणि रिकामी जागा जास्त असायची. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांचेच फोन यायला लागले आणि तेव्हापासून आठवड्याची भाजीची पिशवी हाच आमचा धंदा झाला. शेत हे बघतात. निवडणं, भरणं, ग्राहक आणि हिशेब माझ्याकडे.

दिवाळी झाली की खरिपाच्या वह्या काढून बसायचं, हा आमचा दरवर्षीचा नेम. सासऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, गुंठ्याला किती किलो निघालं? त्यांचं चूक नाही. माल वजनावर जात होता तेव्हा तेवढंच बघायचं होतं. पिशवीच्या धंद्यात मात्र वजन एकटं फार काही सांगत नाही, म्हणून वहीत आता चार रकाने आहेत. तोडलं किती, निवडीत बाजूला पडलं किती, पिशवीत गेलं किती आणि तो वाफा किती आठवडे अडकून राहिला. माझ्या मते चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा.

आधी भेंडीचं सांगते, कारण या वर्षी, २०२५ च्या खरिपात, तिनेच सगळ्यांत जास्त शिकवलं. दोन तुकडे होते, वाण एक, लावण एकाच आठवड्यातली, खतपाणी सारखं. विहिरीजवळच्या तुकड्याची तोडणी एक दिवसाआड होत राहिली. वरच्या तुकड्यात ऑगस्टभर माणूस मिळेना. आजूबाजूला वाटाण्याची तोडणी चालू होती आणि बायका तिकडे जास्त रोजावर जात होत्या. तो तुकडा दोन-दोन दिवस सोडून तोडला गेला. वजनाच्या रकान्यात वरचाच तुकडा पुढे. गुंठ्याला दीडशे किलोच्या वर गेला, खालचा सव्वाशेच्या आसपास राहिला. पण भेंडीचं काय असतं, पावसाळी उबेत ती एका रात्रीत वाढते. शेडमध्ये मावशी प्रत्येक भेंडीचं टोक अंगठ्याने दाबून बघतात. काडकन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. वाकलेली सगळी म्हशींपुढे जाते. वरच्या तुकड्यातली जवळजवळ निम्मी भेंडी तशी गेली आणि पिशवीच्या रकान्यात खालचा तुकडा सरस ठरला. शिवाय जून भेंडी झाडावर राहिली की झाड बी भरण्याच्या मागे लागतं, नवी फुलं कमी धरतं. तिथला बहर आधी संपला. पुढच्या हंगामापासून आमची भेंडी आम्ही किती जागा आहे यावर लावणार नाही, किती हात आहेत यावर लावू.

टोमॅटोला पावसाने धरलं. मोसमी पाऊस यंदा २६ मेलाच मुंबई-पुण्यात पोचला आणि त्याच्या आधीही मे महिन्यात भरपूर पाऊस झाला होता. वैशाखात तापून भेगाळणारी आमची रानं रोहिणी नक्षत्रातच चिखल झाली. गादीवाफे, मल्चिंग, ठिबक सगळं होतं, बांबूला तारा ताणून झाडं वर बांधलेली होती, तरी हवेतला ओलावा कोण थांबवणार. खालच्या पानांवर करपा चढला, पिकायला आलेली फळं देठाशी तडकली. चांगल्या हंगामात आमच्याकडे गुंठ्याला सहाशे किलो टोमॅटो निघतो. या खरिपात साडेतीनशेवर थांबला.

आकडा वाईट दिसतो खरा. पण चौथा रकाना लावून बघितलं तेव्हा कळलं की चांगल्या वर्षीसुद्धा खरिपाचा टोमॅटो आमच्या रानाला फारसा परवडत नाही. रोपं लावल्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत साडेचार महिने वाफा अडकतो. चांगल्या वर्षीचे सहाशे किलो अठरा आठवड्यांवर वाटले तरी आठवड्याला गुंठ्यामागे तेहतीस किलो, आणि यंदाचे साडेतीनशे वाटले की एकोणीस-वीसच. मेथी गुंठ्याला पाऊणशे किलो निघते, पण वाफा तयार करण्यापासून धरलं तरी पाच आठवड्यांत मोकळी होते. म्हणजे आठवड्याला पंधरा किलो. किलोचा दर टोमॅटोच्या दुपटीहून अधिक, फवारणी जवळजवळ नाही, बांबू-सुतळी नाही. नुसत्या उत्पादनाच्या यादीत मेथी तळाला दिसते आणि घर चालवण्यात ती वरच्या ओळीत बसते. मात्र मेथीलाही जोराचा पाऊस सोसत नाही, पानं मातीने भरतात आणि जुडी सडते. म्हणून तिच्या वाफ्यांवर कमानी करून शेडनेट घालण्याचा खर्च आम्ही या रब्बीत करतो आहोत.

कोणी म्हणेल, टोमॅटो कमी करता आणि नेमका भाव चढला तर? २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतर दोनेक महिन्यांत भाव कोसळून शेतकऱ्यांना टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागला, तेही माझ्या तितकंच लक्षात आहे. आमचा पिशवीचा दर हंगामभर एकच असतो. त्या जुलैतही तो बदलला नाही, पडत्या भावातही नाही. ग्राहक टिकले ते या भरवशावर, आणि त्यासाठी आम्हाला दर आठवड्याला सहा-सात प्रकार नेमाने निघणारं रान लागतं. एखाद्या पिकाचा विक्रमी उतारा आमच्या उपयोगाचा नाही.

वाटाण्याचं थोडक्यात. पुरंदरचा खरीप वाटाणा नावाजलेला, पण यंदा जूनमध्ये रान पेरण्याजोगं सुकेना, वाफसाच येईना, पेरणी लांबली, आणि उगवलेल्यात मर लागून रोपं वाळली. पिशवीत मोजकेच आठवडे देता आला. दोडका मात्र मांडवावर असल्यामुळे तरला. वेलाखालून वारा खेळता राहिला, फळमाशीचे सापळे वेळेवर टांगले, आणि निवडीत बाजूला पडलेलं प्रमाण सगळ्यांत कमी दोडक्याचं.

आणि गवार. गुंठ्याला जेमतेम पन्नास किलो. वहीत तिच्यापुढे नेहमी लाल खूण असायची, काढून टाका म्हणून. या वेळी मी सणवाराचा रकाना शेजारी मांडला. पितृपंधरवड्यात घरोघर गवार, भेंडी, कारली, अळू, लाल भोपळा लागतो आणि गवारीला तर दामदुप्पट भाव येतो. आम्ही जुलैच्या मध्यावर टोकली होती, तोडे बरोबर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झाले, आणि बाजूला काही पडलंच नाही. तसंच ऋषीपंचमीच्या भाजीचं. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खात नाहीत, म्हणून शेडमागचा एक वाफा आम्ही फक्त कुदळीने खणतो. अळू, लाल माठ, पडवळ, भेंडी आणि मक्याची कोवळी कणसं, सगळं त्यातलंच. सोसायटीतल्या आजी फोन करून खात्री करून घेतात, ‘खरंच हाताने खणलंय ना?’ त्यांना मी वाफा खणतानाचे फोटो पाठवते. जागा एवढीशी, किलो मोजायला गेलं तर काहीच नाही, पण त्या एका वाफ्यामुळे जोडलेली घरं वर्षभर आमच्याकडे राहिली आहेत.

पुढच्या खरिपाचं वेळापत्रक आता भिंतीवर लागलं आहे. २०२६ ला अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि पितृपंधरवडा सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो. पाऊस काही अधिक महिना पाळणार नाही, तो आपल्या नक्षत्रांनी येणार. म्हणून श्रावणातल्या पालेभाज्या आणि गवार-कारली यांच्या तारखा सणांप्रमाणे पुढे सरकवल्या आहेत आणि वाटाणा, दोडका पावसाप्रमाणे जागच्या जागी ठेवले आहेत. गवार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टोकायची. टोमॅटोचे खरिपातले गुंठे निम्म्यावर आणून उरलेली रोपं पाऊस ओसरल्यावर लावायची, म्हणजे ती रब्बीत कोरड्या हवेत वाढतील. ऋषीपंचमीच्या भाजीची मागणी या वेळी जुलैअखेर कळवा, म्हणजे कुदळीने किती वाफे खणायचे ते आम्हाला ठरवता येईल.